देयक थकले, दप्तर गेले

अहिल्यानगर जिल्ह्यातील शिक्षणसंस्था, वाचनालये आणि पतसंस्था यांचे बरेचसे दप्तर आता कपाटात राहिलेले नाही. ते संकेतस्थळावर गेले आहे. निकाल, वार्षिक अहवाल, माहिती अधिकार कायद्याच्या (२००५) कलम ४ अन्वये अनुदानित संस्थांनी आपणहून जाहीर करावयाचा तपशील, हे सारे कोणा लहान होस्टिंग व्यावसायिकाकडे भाड्याच्या जागेत ठेवलेले असते. हा व्यावसायिक बहुधा नगरचा वा संगमनेर-श्रीरामपूरचा, ओळखीतला तरुण असतो. आणि ओळख असल्यामुळेच लेखी करार झालेला नसतो. देयक न भरल्यास काय होईल, याविषयी उभयपक्षी मौन असते.

देयक थकते ते पैसे नाहीत म्हणून क्वचितच. बाब काही हजारांची असते. परंतु संस्थेचा धनादेश कार्यकारी मंडळाच्या सभेशिवाय निघत नाही, आणि सभा गणपूर्तीअभावी पुढे ढकलली जाते. सूचना ज्या ई-मेलवर जाते, तो बदलून गेलेल्या मुख्याध्यापकांचा किंवा निवृत्त लिपिकाचा असतो. कार्डावरून रक्कम आपोआप जाईल म्हणावे, तर रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमानुसार अशा वसुलीला कार्डधारकाची आगाऊ नोंदविलेली संमती लागते, आणि वसुलीपूर्वी किमान चोवीस तास सूचना त्यालाच जाते. नियम ग्राहकहिताचाच आहे. पण तो गृहस्थ संस्था सोडून गेला असेल, तर सूचना वाचणार कोण?

बँकेत दहा वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेकडील निधीत वर्ग होते. तरीही खातेदाराचा हक्क बुडत नाही. नगर अर्बन बँकेचा परवाना ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द झाला, तेव्हाही पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे कवच होते. संकेतस्थळावरील दप्तराला असे कोणतेही कवच नाही.

पत्त्यापुरता मात्र नियम आहे. ‘.कॉम’सारख्या पत्त्यांसाठी ‘आयकॅन’ या आंतरराष्ट्रीय संस्थेचे धोरण २०१३ पासून लागू आहे. मुदत संपण्यापूर्वी सुमारे एक महिना आणि एक आठवडा, तसेच संपल्यावर पाच दिवसांत सूचना द्यावी लागते. पत्ता रद्द झाल्यावरही तो तीस दिवस सोडवून घेता येतो. पण त्या पत्त्यामागे साठविलेला मजकूर किती दिवस जपावा, हे त्या धोरणात नाही. ते व्यावसायिकाच्या मर्जीवर राहते.

व्यावसायिकाचीही बाजू आहे. तो स्वतः मोठ्या कंपनीकडून जागा घेतो आणि तिचे भाडे बहुधा आगाऊ भरतो. करनोंदणी असेल, तर देयक काढताच अठरा टक्के वस्तू व सेवा कर त्याच्या अंगावर येतो, मग गिऱ्हाईक पैसे देवो वा न देवो. ‘पुढच्या सभेत बघू’ हे उत्तर वर्षभर ऐकून त्याने सेवा बंद केली, तर त्याला बोल लावता येणार नाही. मात्र सेवा बंद करणे निराळे आणि दप्तर पुसून टाकणे निराळे. थकबाकी वसूल करण्यास नोटीस आहे, न्यायालय आहे. मुलांचे निकाल ओलीस ठेवण्याचे कारण नाही.

यासाठी मराठीत एक पानाचा करार पुरे. देयक थकल्यावर महिन्याने संकेतस्थळ बंद व्हावे, पण मजकूर किमान एक वर्ष जपला जावा आणि बाकी असली तरी मागताक्षणी त्याची संपूर्ण प्रत मिळावी, एवढे त्यात असावे. संस्थेनेही पत्त्याची नोंदणी स्वतःच्या नावे करावी. ती पुष्कळदा व्यावसायिकाच्याच नावे असते आणि खरा तंटा तेथूनच सुरू होतो. ई-मेलही व्यक्तीचा नको, कार्यालयाचा हवा.

या जिल्ह्यापुरती आणखी एक अडचण आहे. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले. ज्यांच्या पत्त्यात जुने नाव आहे त्या संस्था नवा पत्ता घेतील, तेव्हा जुन्याचे देयक भरणे त्यांना व्यर्थ वाटेल. परंतु सोडलेला पत्ता कोणीही परका विकत घेऊ शकतो, आणि जुन्या प्रमाणपत्रांवर, माहितीपत्रकांवर तर तोच छापलेला आहे. निदान पाच वर्षे दोन्ही देयकांची तरतूद संस्थांनी येत्या अंदाजपत्रकातच करून ठेवावी.