कपाटातला जुना मोबाईल वाजवायला काढा



'मोबाईल : शाप की वरदान' हा निबंध आपण मुलांकडून किती वेळा लिहून घेतला असेल? मी तर दरवर्षी घेतो आणि दरवर्षी प्रत्येक वहीत तीच चार वाक्यं तपासतो. आज मला मोबाईलबद्दलच लिहायचं आहे, पण जो आता कोणालाच नको झालाय त्याच्याबद्दल. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा ऑनलाइन वर्गासाठी आपल्या नागपुरातल्या कितीतरी घरांनी पोटाला चिमटा काढून एक स्वस्तातला फोन घेतला. तो आज तडा गेलेली काच घेऊन कपाटात पडलाय. माझं म्हणणं एवढंच, की तो भंगारात घालू नका. त्यावर मुलांना संगीत करू द्या.

हसू आलं ना? मलाही आलं असतं. पण माझ्या वर्गात एक मुलगा आहे. मागच्या बाकावर बसतो आणि दोन्ही हातांनी बाक वाजवतो. त्याच्या घरचे धुमाल पार्टीत आहेत. नागपूरकरांना धुमाल काय ते सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो, वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत गाडीवर ढोल, ऑक्टोपॅड, कीबोर्ड लावून जे वाजतं ते. याच बाक वाजवण्यावरून मी त्याला दोनदा वर्गाबाहेर उभं केलंय, हे कबूल करतो. तिसऱ्या वेळी मात्र माझा जुना फोन बाकावर ठेवला, रेकॉर्डर सुरू केला आणि म्हटलं, वाजव.

बाकाच्या कडेचा कोरडा आवाज, मधला घुमणारा आवाज, कंपासपेटीची खळखळ असे तीन तुकडे कापून आम्ही एका मोफत ड्रम अ‍ॅपमध्ये घातले. मग फोनच्या पडद्यावरच्या पॅडवर बोटं मारून तो वाजवायला लागला आणि दोन मिनिटांत वैतागला. "सर, हा त मागं राहून राहिला ना!"

इथेच बहुतेक लोक जुना फोन बाजूला ठेवतात. दोष त्या मुलाच्या हाताचा नव्हता. जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये बोट टेकणं आणि आवाज येणं यांत बऱ्याचदा सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही जास्त अंतर पडतं. आता गणित करा. मिनिटाला १२० ठोके असतील तर एका ठोक्याला अर्धा सेकंद. त्याचे चार भाग केले, की प्रत्येक भाग सेकंदाचा आठवा हिस्सा. म्हणजे बोट एका घरात आणि आवाज जवळजवळ पुढच्या घरात! ब्लूटूथ इअरफोन लावला तर आणखीच उशीर. २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये यासाठी नवी व्यवस्था आली, पण आपला फोन त्याआधीचा असेल तर त्याचा उपयोग नाही.

उपाय सोपा आहे. वाजवायचं नाही, मांडायचं. अशा अ‍ॅपमध्ये सोळा चौकोनांची एक ओळ असते. ज्या चौकोनावर टिचकी माराल तिथे ठोका पडतो आणि फोन स्वतःच्या घड्याळाने ती ओळ फिरवत राहतो. मग उशीर कसला? आणि सोळा म्हटलं की आपल्याला तीनताल आठवतोच. मी नवव्या चौकोनातला ठोका काढून टाकला आणि विचारलं, इथे काय झालं? खाली म्हणजे काय, हे फळ्यावर मला कधी नीट शिकवता आलं नव्हतं. तिथे ते मुलांना ऐकू आलं. चौकोन सातच ठेवले की रूपक, सहा ठेवले की दादरा. बाक वाजवणाऱ्याने मला न विचारता आपला ठेका मांडला. शेजारच्या मुली लगेच म्हणाल्या, "हे त धुमालच होय!"

सुराचंही तेच. परिपाठाला गाणं कोण कुठल्या पट्टीत उचलेल याचा नेम नसतो. दुसऱ्या कडव्यापर्यंत निम्मी मुलं गप्प होतात. मिरजेचा तंबोरा आपल्या शाळेला कुठून परवडणार? पण तानपुऱ्याचं साधं अ‍ॅप जुन्या फोनवर तासन् तास चालतं. काळी चार लावा, नाही पेललं तर खाली या. सिमकार्ड नसल्यामुळे मध्येच कोणाचा फोन येत नाही, हा तर मला मोठाच गुण वाटतो. शिवाय वायरचा इअरफोन घालायचं छिद्र जुन्या फोनला असतं, ते आता बऱ्याच नव्या महागड्या फोनना नसतं.

अमेरिकेतल्या स्टीव्ह लेसीने आयफोनवर संगीत रचलं आणि ते २०१७ मध्ये केंड्रिक लमारच्या अल्बमवर आलं, हे उदाहरण पुष्कळदा दिलं जातं. खरं आहे, पण आयफोनमध्ये तो उशीर आधीपासूनच कमी होता. आपल्या फोनला ती तुलना लावू नका.

दोन गोष्टी सांभाळा. बॅटरी फुगली असेल तर तो फोन अजिबात चार्ज करू नका. आणि घाईने फॅक्टरी रीसेट मारू नका. अँड्रॉइड ४.४ साठी गुगलने २०२३ मध्ये प्ले सेवा थांबवली, त्यामुळे इतक्या जुन्या फोनवरचं अ‍ॅप एकदा गेलं की परत मिळेलच असं नाही. फोटो आणि बँकेची अ‍ॅप्स तेवढी काढून टाका.

आणि हे सगळं सांगून कोणी संगीत शिक्षकाचं पद किंवा शाळेची पेटी टाळणार असेल, तर माझा त्याला विरोध आहे. सूर चुकला हे फोन सांगत नाही, गुरुजी सांगतात.

आमची पहिली फाईल एक मिनिट दहा सेकंदांची झाली. मधोमध शाळेची घंटा आली आहे. मी ती कापायला निघालो, तर बाक वाजवणाऱ्याने फोनच हातातून काढून घेतला. घंटा बरोबर समेवर पडली होती.