‘लोड’चे ओझे आणि चाहत्यांचा हक्क

- विशेष प्रतिनिधी

जून १९९६ मध्ये ‘मेटॅलिका’ या अमेरिकन बँडचा ‘लोड’ हा अल्बम बाजारात आला, तेव्हा त्याच्यावर सर्वाधिक तुटून पडले ते या बँडचे चाहतेच. त्याच अल्बमची नव्याने ध्वनिसंस्कार केलेली आवृत्ती जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २९ वर्षांपूर्वीचा वाद पुन्हा एकदा चर्चेत आला. ‘मेटॅलिका’ने आपला मूळ सूर सोडला काय, आणि सोडला असेल तर तो नेमका कधी, हा तो वाद. रॉक संगीताच्या इतिहासात चाहत्यांनी इतक्या चिकाटीने चालविलेले खटले फारसे नसावेत. म्हणूनच, या खटल्यातील आरोप कितपत टिकतात, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

जेम्स हेटफील्ड आणि लार्स उलरिक यांनी १९८१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये हा बँड स्थापन केला. १९८३ चा ‘किल एम ऑल’ हा पहिला अल्बम म्हणजे वेगाचा निव्वळ स्फोट होता. ‘थ्रॅश मेटल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शैलीचा पाया ज्या मोजक्या अल्बमांनी घातला, त्यांत त्याची गणना होते. मात्र पुढच्याच वर्षी आलेल्या ‘राइड द लाइटनिंग’मध्ये ‘फेड टु ब्लॅक’ हे संथ सुरुवातीचे, अकूस्टिक गिटारवर उभे राहिलेले गाणे होते. आणि ‘हे विकले गेले’ हा आरोप तेव्हाच पहिल्यांदा झाला. म्हणजेच ज्या मूळ सुराचा दाखला पुढे वर्षानुवर्षे दिला गेला, तो कट्टर चाहत्यांच्या लेखी जेमतेम एका अल्बमापुरताच टिकला होता. गंमत अशी, की आज तेच गाणे बँडच्या सुवर्णकाळाचा पुरावा म्हणून पुढे केले जाते.

सर्वांत मोठे वळण आले ते ऑगस्ट १९९१ मध्ये. निर्माते बॉब रॉक यांच्या साथीने केलेल्या, ‘ब्लॅक अल्बम’ या नावाने परिचित असलेल्या अल्बममध्ये गाणी आखूड झाली, लय मंदावली, गायनाला पुढचे स्थान मिळाले. एकट्या अमेरिकेत या अल्बमच्या १ कोटी ६० लाखांहून अधिक प्रती खपल्या. जुन्यांच्या दृष्टीने ही फारकत होती. भारतातील श्रोत्यांची गोष्ट मात्र वेगळी. आपल्याकडे उपग्रह वाहिन्यांवरून ‘एमटीव्ही’ दिसू लागले ते याच १९९१ मध्ये. साहजिकच येथील एका मोठ्या पिढीसाठी ‘मेटॅलिका’ची सुरुवातच मुळी या अल्बमपासून झाली. अमेरिकेतील जुन्या चाहत्याला जो शेवट वाटला, तो मुंबई-पुण्यातील महाविद्यालयीन तरुणासाठी आरंभ होता. ‘मूळ सूर’ हा बँडच्या इतिहासापेक्षा श्रोत्याच्या वयाशी अधिक बांधलेला असतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

केस कापले आणि विश्वासही

‘लोड’च्या वेळी रोष केवळ संगीतावर नव्हता. ब्लूज आणि संथ रॉककडे झुकलेल्या गाण्यांबरोबरच बँडच्या सदस्यांनी केस कापले होते, अँटन कॉर्बिन यांनी टिपलेल्या छायाचित्रांत ते सजून-नटून उभे होते, आणि बँडचे परिचित टोकदार बोधचिन्हही बदलले होते. अनेकांना सूर बदलल्यापेक्षा आपल्या गटाची खूण पुसली गेल्याचे दु:ख अधिक होते. या आक्षेपाचा मोठा भाग काळाने सौम्य केला. केस वाढले काय नि कापले काय, गाणे तेच राहते, हे उशिरा का होईना, अनेकांनी मान्य केले.

मात्र चाहत्यांच्या सगळ्याच तक्रारी अशा भावनिक नव्हत्या. १९८८ च्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये जेसन न्यूस्टेड यांचा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही, ही तक्रार पूर्णत: खरी आहे, काही चाहत्यांनी तर बेसचा आवाज वाढवून स्वत:च्या आवृत्त्या तयार केल्या. २००३ च्या ‘सेंट अँगर’मधला स्नेअर ड्रम पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो, याचे कारण त्याच्या खालच्या तारा सैल सोडल्या होत्या. २००८ च्या ‘डेथ मॅग्नेटिक’चे ध्वनिमुद्रण आवाज मोठा करण्याच्या हव्यासापायी इतके दाबले गेले, की तो फाटल्यासारखा ऐकू येऊ लागला. ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेममधली याच गाण्यांची आवृत्ती अधिक स्वच्छ असल्याचे ताडले ते चाहत्यांनीच. अल्बमचे नव्याने मिश्रण व्हावे, या मागणीच्या अर्जावर हजारोंनी सह्या केल्या. येथे चाहता हा नुसता हळहळणारा भक्त नव्हता. कान शाबूत असलेला परीक्षक होता.

वस्तुत: या नात्याला सर्वांत मोठा तडा गेला, त्याचा सुराशी संबंधच नव्हता. एप्रिल २००० मध्ये ‘मेटॅलिका’ने ‘नॅपस्टर’ या गाणी वाटून घेण्याच्या सेवेवर खटला भरला आणि पुढच्याच महिन्यात गाणी उतरवून घेणाऱ्या ३ लाख ३५ हजारांहून अधिक वापरकर्त्यांची यादी कंपनीच्या हाती सोपविली. कायद्याच्या दृष्टीने बँडची बाजू भक्कम होती. पण हाच बँड सुरुवातीच्या काळात हौशी श्रोत्यांनी एकमेकांना दिलेल्या नमुना-कॅसेटींवर मोठा झाला होता. ज्यांनी वाढविले त्यांच्याच यादीला आरोपपत्राचे रूप आले. त्यानंतरच्या प्रत्येक सांगीतिक बदलाकडे संशयाने पाहिले गेले, ते त्यामुळेही.

निकाल कोणाचा?

ऑक्टोबर २०११ मध्ये बँड प्रथमच भारतात आला. गुडगावचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाल्याने संतप्त प्रेक्षकांनी मोडतोड केली. दोन दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर मात्र तो झाला. २०२२ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेत ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हे १९८६ चे गाणे वाजले आणि ते प्रसिद्ध झाले तेव्हा जन्मलेही नव्हते, असे श्रोते बँडला लाभले. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या जगदौऱ्यात ‘मेटॅलिका’ने बहुतेक शहरांत दोन रात्री, एकही गाणे पुन्हा न वाजविता, सादर करण्याची योजना आखली. चाळीस वर्षांच्या साऱ्या सुरांना एकाच मंचावर जागा देण्याचा हा प्रयत्न होता.

एकंदरीत, बदलण्याचा अधिकार कलावंताचा, हे निर्विवाद. श्रोत्यांच्या आज्ञेत राहणारा बँड स्वत:चीच नक्कल करीत राहील. परंतु ऐकण्याचा आणि खोट दाखविण्याचा अधिकार श्रोत्याचा आहे, आणि बेस, ड्रम व ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत तो अधिकार श्रोत्याने सार्थ ठरविला. गफलत होते ती या दोहोंची सरमिसळ झाली की. ‘हे वाईट वाजते’ आणि ‘हे माझ्या तरुणपणासारखे वाजत नाही’ ही दोन भिन्न विधाने आहेत. पहिल्याचे उत्तर बँडने द्यायला हवे. दुसऱ्याचे उत्तर कोणत्याही नव्या अल्बममध्ये सापडणार नाही.