आधी मुद्दे, मग गोष्ट

आखाजी आली की आपण हंगामाचं गणित मांडतो. कोणत्या वावरात कपाशी, कोणत्या वावरात मका, ठिबकची नळी कुठवर पुरेल, हा हिशोब पेरणीच्या आधी होतो. मग आपल्याच पोराला गोष्ट लिहायला बसवताना 'घे पेन, कर सुरू' असं का म्हणतो? पोरगं 'एक गाव होतं' एवढं लिहितं आणि पेन चावत बसतं.

'मुद्द्यांवरून गोष्ट लिहा' हा प्रश्न आपल्या वेळीही होता आणि दहावीच्या मराठीत कथालेखन आजही आहे. पण तिथे मुद्दे बहुतेक वेळा छापील मिळतात. पोराने फक्त मधल्या जागा भरायच्या, शेवटी तात्पर्य चिकटवायचं. मुद्दे काढणं हेच खरं डोक्याचं काम आणि नेमकं तेच त्याच्या वाट्याला येत नाही.

याचा परिणाम पुढे दिसतो. भडगाव तालुक्यात फिरताना पीक नुकसानीचे अर्ज माझ्या हाती येतात. अक्षर चांगलं, मजकूर पानभर. पण गट नंबर कोणता, नुकसान कोणत्या तारखेला झालं, क्षेत्र किती, मागणी काय, हे शोधावं लागतं. माणूस शिकलेला असतो, दुःखही खरं असतं. काय आधी सांगायचं आणि काय नंतर, ही सवय मात्र कोणी लावलेली नसते. अर्ज परत येतो आणि तालुक्याला हेलपाटा पडतो.

ही सवय गोष्टीतून लावता येते. लिहिण्याआधी दहा मिनिटं पोराला पाच प्रश्न विचारा. गोष्ट कोणाची? त्याला काय हवंय? अडचण काय आली? त्याने काय केलं? शेवटी काय बदललं? समजा, सातवीतली एक मुलगी. कपाशीला पाणी द्यायचंय. लाईट रात्रीची आणि मोटार बंद पडली. शेजाऱ्याशी बांधावरून बोलणं बंद, पण मोटारीतलं कळतं त्यालाच. ती त्याचं दार वाजवते. मोटार सुरू होते, बोलणंही सुरू होतं. झाले पाच मुद्दे! आता लिहायला बसलेलं पोर अडणार नाही.

मुद्दे अहिराणीत सांगितले तरी चालतील. घरच्या बोलीत गोष्ट आधी नीट जुळू द्या, प्रमाण मराठीत नंतर उतरेल. आजीला अक्षरओळख नसेल, पण कोणती गोष्ट कुठे थांबवायची हे तिला पक्कं कळतं. तिच्याजवळ पोरांना बसवा.

कोणी म्हणेल, असं आखून दिलं तर पोराची कल्पनाशक्ती मरते. तसं नाही. पाऊस लांबला तर आपणही पीक बदलतो. लिहिता लिहिता पोराने शेवट बदलला तर बदलू द्या. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली. तरी पुस्तक उघडून बघा, रात्रीमागून रात्र कशी ओळीने लावलेली आहे. भरभर लिहिणं आणि क्रम राखणं यांचं वैर नाही. याच गुरुजींनी आपल्या जिल्ह्यातल्या अमळनेरला शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी हस्तलिखित 'छात्रालय दैनिक' चालवलं होतं. त्याला ना छापखाना लागला, ना अनुदान.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना माझी विनंती आहे. समितीच्या बैठकीत खिचडी आणि खोल्यांबरोबर हाही विषय घ्या. आठवड्यातला एक तास गुरुजींना यासाठी मोकळा द्या. येत्या २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर दोन-तीन पोरांना स्वतः मुद्दे काढून लिहिलेली गोष्ट गावासमोर वाचू द्या. भाषण थोडं कमी झालं तरी चालेल. आज जे पोर स्वतःची गोष्ट क्रमाने मांडेल, ते उद्या गावाचं म्हणणंही कचेरीत नीट मांडेल.