उसातील काळोख आणि कॅमेऱ्याचा डोळा

बिबट्या आल्याची वार्ता कृष्णाकाठी आता नवलाची राहिलेली नाही. मार्च 2021 मध्ये तो खुद्द सांगली शहरात राजवाडा चौकाच्या परिसरात शिरला होता. तेथून माधवनगर ते किती दूर! तथापि रात्रपाळीच्या विजेवर उसास पाणी पाजणाऱ्या शेतकऱ्यास सरीत खसखसले ते जनावर कोणते, हे कधीच कळत नाही. कुत्रे असो, तरस असो, सकाळपर्यंत त्याचा बिबट्या होतो आणि पिंजऱ्याची मागणी सुरू होते. आमचे मत असे की, पिंजऱ्याआधी बांधावर कॅमेरा लागावा.

मनुष्याच्या डोळ्यास सुमारे 400 ते 700 नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरी दिसतात. त्यापलीकडील अवरक्त लहरी डिजिटल कॅमेऱ्याच्या सिलिकॉनच्या चकतीस जाणवतात. परंतु रंग बिघडू नयेत म्हणून कारखानदार तिच्यापुढे त्या अडविणारी काच बसवितो. ती काढून साधी काच घातली व अवरक्त दिवा जोडला, की जुना कॅमेराही गडद अंधारात पाहू लागतो. 850 नॅनोमीटरचा दिवा किंचित तांबडा दिसतो. 940 चा दिसत नाही, पण त्याची पोच कमी. हे काम मात्र जाणत्या कारागिराकडूनच करवावे. बॅटरी काढल्यावरही फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये जबर धक्का देण्याइतकी वीज उरते. प्राण्याच्या अंगच्या उष्णतेने आपोआप चालू होणारे तयार कॅमेरेही मिळतात. कोणताही लावला तरी तोंड पायवाटेकडे असावे. हिरवे पान अवरक्त प्रकाश फार परतविते, त्यामुळे समोर पाला आला की चित्र पांढरेफटक पडते.

याचा खरा उपयोग जुन्नरकडे दिसतो. ऊसतोडीत बछडी सापडली, की वनखाते व वाइल्डलाइफ एसओएसची मंडळी ती तपासून सायंकाळी त्याच शेतात ठेवतात आणि दुरून कॅमेरा लावतात. अंधार पडल्यावर मादी येऊन पिले तोंडात धरून नेते, हे चित्रात दिसते. मग तोड निर्वेध चालते. पिले हलविली असती, तर चवताळलेली आई त्याच फडाभोवती घुटमळली असती. पकडून अन्यत्र सोडण्याचा मार्गही तेथेच अंगाशी आला. 2001 पासून पकडलेले बिबटे जवळच्या जंगलांत सोडू लागल्यावर वर्षाकाठी सरासरी 4 असलेले माणसांवरील हल्ले 17 वर गेले, असे विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दाखविले. पिंजऱ्यात शेळी बांधली, की जो येईल तो सापडतो. अपराधी तोच, असे नव्हे. बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची ठेवण प्रत्येकाची निराळी असते, आणि ती करड्या चित्रातही ओळखता येते.

चित्र काढल्याने जनावर थांबते काय, असे कोणी विचारील. थांबत नाही. म्हणूनच मंडळाने दोन-तीन कॅमेरे विकत घेऊन सभासदांस पाळीने द्यावेत, चित्रे मोबाईलवर गावभर न फिरविता वनरक्षकाच्या हाती द्यावीत, आणि त्यांवरील तारीख व वेळ वीज कंपनीपुढे मांडून उसास दिवसा वीज मागावी.