मुलांच्या हातातील काडी आणि आपली जबाबदारी

वस्तीत आग लागली की दुसऱ्या दिवशी ‘शॉर्टसर्किट’ किंवा ‘सिलिंडरचा स्फोट’ एवढे छापून येते आणि विषय संपतो. पण काही आगी मुलांच्या हातातील काडीने लागतात. तेव्हा व्यवस्थेला गुन्हेगार हवा असतो, आईबापाला पट्टा आठवतो आणि मुलाने काडी का ओढली हे कोणीच विचारत नाही. आंबेडकरी चळवळीने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. दाटीवाटीच्या पत्र्याच्या घरांत राहणारा समाज आपला आहे, भाजणारी मुलेही आपलीच आहेत.

लहान मूल काडी ओढते ते कुतूहलापोटी. आईबाप दिवसभर मजुरीवर, काडेपेटी शेगडीच्या बाजूला, घरात मोठे कोणी नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचे कारण वेगळे असते. घरातील मारझोडीचा, शाळेतील अपमानाचा राग तो कचऱ्याच्या ढिगावर नाहीतर कोणाच्या दुचाकीवर काढतो. दोघांनाही मारून काही साधत नाही. मार खाल्लेले मूल पुढच्या वेळी लपून पेटवते, म्हणजे जिथे विझवायला कोणी नसते तिथे. काडेपेटी-लायटर उंचावर ठेवा. वारंवार आग लावणाऱ्या मुलाला समुपदेशनाची गरज असते. त्याला सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या.

कायदाही मुलाला सराईत गुन्हेगार मानत नाही. भारतीय न्याय संहितेनुसार सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा या वयात त्याला परिणामांची पुरेशी समज होती का, हे पाहावे लागते. अठरा वर्षांखालील मुलांना बाल न्याय अधिनियम, २०१५ लागू होतो. अशा मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. वयाचा वाद तर हमखास निघतो. म्हणून शाळेचे जन्मतारखेचे प्रमाणपत्र आणि जन्मदाखला प्रत्येक घरात जपून ठेवलेला असावा.

आता थोडे स्वतःकडे पाहू. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. तेथे आधी ठराव झाला, जागा तयार केली गेली आणि जळाला तो एक ग्रंथ. कोणाचे घर नाही, कोणाची गाडी नाही. कानपूरमधील पुतळा विटंबनेनंतर ३० नोव्हेंबर २००६ रोजी उल्हासनगरला डेक्कन क्वीनचे डबे जळाले आणि विटंबनेचा प्रश्न बाजूला पडून चर्चा डब्यांचीच झाली. संताप रास्त होता. पण मोर्चात कोवळ्या पोराच्या हाती पेटता टायर देणारा पुढारी कोर्टाच्या तारखांना दिसत नाही. तिथे त्या पोराची आई एकटीच उभी असते.

शाळेचेही तसेच. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातून आग पसरली आणि ९४ मुले मृत्युमुखी पडली. पुढे २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांना अग्निसुरक्षेची साधने व कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण बंधनकारक केले. आपल्या शाळेत हे आहे का, ते मुख्याध्यापकांना लेखी विचारा.

आणि मूल भाजलेच तर टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काही लावू नका. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे नळाचे साधे पाणी सोडा, स्वच्छ कापड सैल झाका आणि रुग्णालय गाठा. कपड्यांनी पेट घेतला तर पळायचे नाही, जमिनीवर लोळायचे, हे मुलांना करून दाखवा.

यासाठी निधी लागत नाही. रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास पुरे. बाबासाहेबांनी शिक्षणाला पहिले स्थान दिले. आगीपासून जीव वाचवण्याचे शिक्षणही त्यातच येते. बांधवांनो, जयंतीच्या रोषणाईइतकीच काळजी आपल्या लेकरांची घेऊ या. जयभीम!