हंगामी कारभाराचें चिरंजीवित्व

‘हंगाम’ हा शब्द फारशींतून आपल्याकडे आला आणि शेतकऱ्याच्या तोंडीं रुळला. ज्यास आरंभ आहे तसाच शेवटहि आहे, तो हंगाम. आंब्याचा हंगाम मार्गशीर्षापर्यंत लांबल्याचें ऐकिवांत नाहीं. अलीकडे सरकारी कागदांत ‘हंगामी’च्या शेजारीं ‘अंतरिम’ हा भारदस्त शब्द येऊन बसला आहे. त्याचा चेहरा संस्कृत असला तरी मागें उभा आहे तो लॅटिनमधील ‘इंटेरिम’, म्हणजे ‘दरम्यान’. दरम्यान म्हटलें कीं कशाच्या आणि कशाच्या, हा प्रश्न ओघानेंच येतो. पुढचा किनारा कोठें आहे हेंच ठरलेलें नसेल, तर मधल्या बांधकामास पूल म्हणणें ही भाषेची थट्टा होय.

मुंबई महानगरपालिकेंत ही थट्टा पावणेचार वर्षांहून अधिक काळ चालली. निर्वाचित सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजीं संपली. नवी निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ रोजीं. मधल्या काळांत २२७ नगरसेवकांच्या जागीं एकटा प्रशासक होता, आणि तो म्हणजे खुद्द आयुक्तच. राज्यघटनेच्या कलम २४३-यू मध्यें नगरपालिकेची मुदत पांच वर्षांहून अधिक नसावी व ती संपण्यापूर्वीं पुढील निवडणूक पुरी व्हावी असें स्वच्छ सांगितलें आहे. सभा मध्येंच बरखास्त झाली तरी सहा महिन्यांची मर्यादा घातली आहे. जेथें सहा महिने पुष्कळ मानले, तेथें आम्ही शेहेचाळीस महिने स्वस्थ बसलों.

याचें खापर एकाच पक्षाच्या माथीं फोडतां येणार नाहीं. आधीं प्रभागांची संख्या २२७ वरून २३६ करण्यांत आली. जून २०२२ च्या अखेरीस सरकार बदललें आणि ऑगस्टांत ती पुन्हा २२७ झाली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयांत होताच. सरकारें बदललीं, कारणें बदललीं, प्रशासक मात्र राहिला. अखेर ६ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयास चार महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली, आणि तीहि पुढें वाढवून घेण्यांत आली.

आमच्या सुशिक्षित वर्गास याची खंत वाटली म्हणावी, तर तसेंहि दिसलें नाहीं. ‘नगरसेवकांची कटकट गेली, टक्केवारी गेली, आतां कामें भराभर होतात,’ हें आम्ही चहाच्या टेबलाशीं अनेकदां ऐकलें आहे. नगरसेवक सारे साधु होते असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु टक्केवारी गेली हें कशावरून? विचारणारा गेला, एवढेंच आपणांस ठाऊक आहे. २०२३, २०२४ व २०२५ या तीनहि वर्षीं अंदाजपत्रक प्रशासनानें तयार केलें, प्रशासनाच्याच अधिकाऱ्यांनीं प्रशासकापुढें मांडलें आणि प्रशासकानें मंजूर केलें. यांतील शेवटचें ७४,४२७ कोटि रुपयांचें होतें! फडणिसानें जमाखर्च लिहावा आणि फडणिसानेंच तो तपासावा, असला कारभार हीच मंडळी आपल्या गृहनिर्माण संस्थेंत क्षणभर चालूं देणार नाहींत. तेथें पाण्याच्या टांकीच्या खर्चावरून वार्षिक सभा दिवेलागणीपर्यंत लांबते.

कारभार चांगला झाला, हें उत्तर आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. हंगामी कारभाराचा आपल्याकडील आदर्श भरत. त्यानें चौदा वर्षें नंदिग्रामीं राहून राज्य सांभाळलें. सिंहासनावर पादुका होत्या. राम परतल्यावर त्यानें कोश, कोठार आणि सैन्य दसपट झाल्याचें सांगितलें, असें वाल्मीकि वर्णितो. इतका उत्तम कारभार करूनहि ‘मग मीच पुढें चालवितों’ असें तो म्हणाला नाहीं, आणि हिशेब दिला तो धन्यास. शिवाय राम केव्हां परतणार हें पहिल्या दिवसापासून ठाऊक होतें. येथें धनी म्हणजे मुंबईचा मतदार. त्याच्या वनवासाची मुदत कोणी सांगितली होती?

हंगामी अधिकाऱ्यानें काय करावें, हें घर राखणाऱ्या कोणाहि प्रामाणिक माणसास समजतें. गळतें छप्पर शाकारावें, दिवाबत्ती करावी, पत्रें जपून ठेवावीं. घर पाडून नवें बांधूं नये. सुमारे ४०० किलोमीटर रस्ते सिमेंट काँक्रीटचे करण्याचें, सुमारे ६,००० कोटि रुपयांचें काम जानेवारी २०२३ मध्यें आरंभिलें गेलें. काम निकडीचें असेल, उत्तमहि असेल. पण पुढील कित्येक वर्षें तिजोरीस बांधून टाकणाऱ्या या निर्णयावर एकाहि निर्वाचित माणसाचें मत पडलें नाहीं, स्थायी समितींत एक प्रश्न विचारला गेला नाहीं. आमचा रोख त्या खुर्चीवरील अधिकाऱ्यांवर नाहीं. ते नेमले गेले आणि त्यांनीं काम केलें. ज्यांना ती खुर्ची सोयीची वाटली आणि ज्यांनीं ती चहा पीत पीत सोयीची मानली, त्यांच्याशीं आमचें भांडण आहे.

तें मिटावयाचें तर कायद्यांत दोन ओळी घालाव्या. प्रशासकाची नेमणूक सहा महिन्यांनीं आपोआप संपावी. आणि एका वर्षाहून अधिक काळ पालिकेस बांधणारा त्याचा प्रत्येक करार नव्या सभेपुढें मंजुरीसाठीं यावा. तोंवर, निवडून आलेल्या सभागृहानें त्या शेहेचाळीस महिन्यांचें दप्तर मागवून घ्यावें आणि त्यांतील एकेक करार उघड्या सभेंत वाचावा.