जुनी एसयूव्ही घेताना आधी पार्टांचा भाव विचारा

सहा-सात लाख रुपये जमलेत. घरात आई-वडील धरून पाच-सहा माणसं आहेत, आणि गावाकडचे शेवटचे दहा किलोमीटर नुसते खड्डे. अशा घरातला माणूस जुन्या गाड्यांच्या बाजारात गेला की एक मोह हमखास समोर येतो. एके काळी पंधरा-सोळा लाखांना मिळणारी, सनरूफवाली, सात सीटांची दणकट गाडी त्याच्या बजेटात चकाचक पॉलिश करून उभी असते. शेजारी त्याच किमतीची, पण चार-पाच वर्षांचीच, लहान आणि साध्या व्हेरियंटची गाडी असते. तिच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. माझी विनंती एवढीच की आधी तिच्याकडे बघा.

गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, तिच्या पार्टांची उतरत नाही. सोळा लाखांच्या गाडीचा टर्बो, इंजेक्टर किंवा गिअरबॉक्स दहा वर्षांनंतरही सोळा लाखांच्या गाडीच्याच भावाने येतो. मालक मात्र तिसरा असतो, आणि त्याने गाडी पाच लाखांत घेतलेली असते. मग पहिल्याच वर्षी लाखाचं बिल आलं की गाडी दारात उभी राहते आणि माणसं पुन्हा एसटीने गावाला जातात. म्हणून गाडी बघायला जाण्याआधी सर्विस सेंटरला किंवा ओळखीच्या मेकॅनिकला फोन करा. त्या मॉडेलचा क्लच सेट, चारही शॉकअप आणि त्याच मापाचे चार टायर, यांचे भाव विचारून घ्या. ते ऐकूनच निम्मे मोह गळतात.

दुसरं म्हणजे सगळे पैसे गाडीत घालू नका. सात लाख असतील तर सहाच्या आत गाडी बघा. उरलेले नावावर करण्यात, विमा, बॅटरी, टायर आणि पहिल्या मोठ्या सर्विसिंगमध्ये जातातच. कर्ज काढणार असाल तर जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्यापेक्षा चढा असतो, हेही हिशोबात धरा.

सात सीटांबद्दल जरा स्पष्ट बोलतो. बऱ्याच एसयूव्हींची शेवटची रांग पोरांपुरतीच असते. ती उघडली की मागे दोन पिशव्याही मावत नाहीत आणि सामान टपावर जातं. वर्षातून दोनदाच सगळी मंडळी एकत्र निघणार असतील तर त्या दोन वेळा गाडी भाड्याने केलेली परवडते. रोजच सहा-सात जण असतील तर एसयूव्हीचा हट्ट सोडून अर्टिगासारखी गाडी बघा. रुबाब कमी, पण मागच्या माणसाचे गुडघे सुखी.

डिझेल की पेट्रोल, हे तुमच्या वापरावर ठरवा. महिन्याला हजार किलोमीटरही होत नसतील तर पेट्रोल घ्या. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम आले. त्यानंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. गाडी अधूनमधून हायवेवर सलग पळाली तरच ती काजळी जळून जाते. शाळा, मंडई, ऑफिस एवढ्यावरच फिरणाऱ्या गाडीत तो तुंबतो, आणि तो बदलण्याचा खर्च ऐकवत नाही. मारुतीने तर २०२० मध्ये डिझेल बंदच केलं, त्यामुळे डिझेल ब्रेझा मिळेल ती त्याआधीचीच. पेट्रोल घेताना २० टक्के इथेनॉलच्या इंधनाबद्दल त्या मॉडेलच्या माहितीपुस्तकात काय लिहिलंय ते वाचा, कारण एप्रिल २०२३ च्या आधीच्या पुष्कळ गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत.

सुरक्षेच्या बाबतीत उत्पादनाचं साल बघा. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं आणि त्याच वर्षी जुलैपासून चालकाची एअरबॅग. शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या मॉडेलांत सक्तीची व्हायला २०२१ संपावं लागलं. त्याआधीच्या गाडीचं बेस व्हेरियंट घेत असाल तर यातलं काय आहे हे स्टिअरिंगवर आणि डॅशबोर्डवर डोळ्यांनी बघा. जाहिरातीतले सुरक्षेचे स्टारही गाडीच्या नावाला नसतात, तपासलेल्या व्हेरियंटला असतात. २०१७ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत एअरबॅग नसलेल्या डस्टरला शून्य स्टार मिळाला होता. त्याच संस्थेने २०१८ मध्ये नेक्सॉनला पाच स्टार दिले. मागच्या मधल्या सीटला खांद्यावरून येणारा पट्टा आहे की नुसता कमरेचा, तेही बघा. तिथे बहुधा तुमचं लेकरूच बसणार असतं.

ज्या कंपन्यांनी इथलं उत्पादन गुंडाळलं त्यांच्या गाड्या स्वस्त मिळतात. फोर्डने २०२१ मध्ये तसं जाहीर केलं. इकोस्पोर्ट चालवायला आजही छान वाटते. पण तुमच्या गावापासून तिचं सर्विस सेंटर किती लांब आहे, हे आधी विचारा. पुण्यात राहणाऱ्याला जी गाडी चालेल ती गडचिरोलीत चालेलच असं नाही.

पुरात बुडालेल्या गाडीबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात, २०२१ मध्ये चिपळूण-महाडला किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण पाहिलंय. अशा गाड्या धुऊन-पुसून दूरच्या शहरात विकायला येतात. इंजिन चालतं, एसी गार हवा देतो, आणि वायरिंग हळूहळू आतून कुजत राहतं. तपासायला सोपं आहे. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला मातकट रेघ किंवा बुरशीचे डाग दिसतील. सीटच्या रुळांवर आणि बोल्टांवर गंज आहे का, स्टेपनी उचलल्यावर खाली बारीक गाळ आहे का, हेडलाइटच्या आत दव धरलंय का, हे बघा. दारं लावून पाच मिनिटं गाडीत बसा. अत्तराचा वास फार येत असेल तर तो कशावर पांघरूण घालतोय, असा प्रश्न पडायला हवा. किनाऱ्यालगत वाढलेल्या गाडीला खाऱ्या हवेचा गंज खालून लागतो. ती रॅम्पवर चढवूनच बघा.

गाडी बघायला सकाळी जा, आणि मालकाला सांगा, इंजिन गरम करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून बघा. थंड इंजिन सुरू करताना निळसर धूर आला तर ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही, तर कुलंट आत जात असण्याची शंका घ्या. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. आकडा चाळीस हजार सांगत असेल आणि क्लचच्या पायपट्टीचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगचं आवरण तुकतुकीत झालेलं असेल, तर सर्विस सेंटरमधली नोंद मागा. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. शेवटी आपला मेकॅनिक सोबत न्या आणि त्याची फी आनंदाने द्या. एजंटने सुचवलेला मेकॅनिक नको.

भावाचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे नव्या गाडीचा आजचा ऑनरोड भाव काढून न्या आणि घासाघीस तिथून सुरू करा. दिल्ली पासिंगची डिझेल गाडी फारच स्वस्त दिसली तर दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवरचे तिकडचे निर्बंध आठवा. ती इथे आणायला तिकडच्या आरटीओची एनओसी लागते आणि इथला रोड टॅक्स भरावा लागतो. हा खर्च त्या स्वस्त भावातच आला असं धरून चालू नका.

टोकन देण्याआधी परिवहनच्या ॲपवर गाडीचा नंबर टाका. कितवा मालक, बँकेचा बोजा, विम्याची तारीख, सगळं दिसतं. ई-चलान थकलेली असतील तर ती विकणाऱ्याने भरायची. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवलीय का ते बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या आणि ३० दिवसांच्या आत गाडी स्वतःच्या नावावर करा. ‘नंतर करू’ म्हणणाऱ्या विक्रेत्यालाही हे ऐकवा, की सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार अपघाताची भरपाई आरसीवर ज्याचं नाव त्याच्या गळ्यात येते. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या, नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस मात्र तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो.

ताब्यात घेताना तारीख आणि वेळ लिहून दोघांनी सह्या करा, दुसरी किल्ली मागून घ्या आणि जुन्या मालकाचा फास्टॅग तिथल्या तिथे काढायला सांगा.